डावा समास

३ फेब्रुवारी

ताई,

स्मरणपुस्तिकेच्या सतराव्या पानावर, खालून चौथ्या ओळीत, एक चूक छापली गेली आहे. तिथं असं आहे: "घरातल्या कोणालाच कसलीही शंका आली नव्हती." यातला "कोणालाच" हा शब्द चुकीचा आहे. तुला शंका आली होती. तू ती बोलूनही दाखवली होतीस. वाक्य माझं, आणि पुस्तिकेची प्रुफंही मीच तपासली, त्यामुळे हे छापखान्याच्या माथी मारता येणार नाही.

पुस्तिका पाठवताना मी सोबत चिठ्ठीही टाकली नव्हती. नुसती आली म्हणून तू चकित झाली असशील, किंवा उघडलीही नसशील. रुग्णालयाच्या संशोधन विभागाने ती काढली. मेंदूच्या गाठीने ज्यांची माणसं गेली अशा बेचाळीस घरांनी आपापल्या माणसाबद्दल एकेक पान लिहून दिलं. पुस्तिका वाचून लोकांनी संशोधनाला मदत करावी, आपल्या माणसाची कागदपत्रं, नोंदी द्याव्यात, असा हेतू. आईचं पान मी लिहिलं. मामाच्या दोन ओळी त्यातच घातल्या, कारण त्याच्याबद्दल लिहायला दुसरं कोणी राहिलेलं नाही.

फोन तू उचलत नाहीस. बरोबरच आहे. म्हणून कागदावर लिहिते. कागदावर लिहिलेलं खोडलं तरी खोडलेलं दिसतं, असं आई म्हणायची.

मी अजून त्याच छापखान्यात आहे, आईच्याच टेबलाशी. खिडकीकडे पाठ करून बसायचं, उजव्या हाताला मूळ प्रत, समोर प्रूफ. तू शाळेत जात होतीस आणि मला दम्यापायी नवव्या वर्षापर्यंत जाता येत नव्हतं, तेव्हा याच टेबलाच्या एका बाजूला माझी शाळा भरायची. मला बाराखडीच्या आधी प्रुफाच्या खुणा आल्या. "हे काढा", "हे घाला", "जागा सोडा". शेजारच्या बाई विचारायच्या, मुलीला काय शिकवलं, तर आई म्हणायची, चुका काढायला शिकवलंय, बाकी जग शिकवेल.

छापखान्यातले तात्या अजून अक्षरजुळणी करतात, आता संगणकावर. तुला विचारतात. मी दर वेळी सांगते की मजेत आहे. हेही मी न तपासता सांगते.

माझी तब्येत ठीक. डावा खांदा दुखतो आहे, गोदामाच्या दाराची चौकट लागली. याच आठवड्यात दुसऱ्यांदा. तात्या म्हणतात, दार तिथंच आहे गं, गेली तीस वर्षं.

तुझी धाकटी


१० फेब्रुवारी

ताई,

उत्तर आलं नाही. मी वाट बघत नाही असं लिहिणार होते, पण ते खरं नाही.

मागच्या पत्रात मी एकच शब्द दुरुस्त केला. एखादी चूक सापडली की तिच्या आसपास आणखी एक असतेच, ही आईची शिकवण. पुढच्याच ओळीत मी लिहिलं आहे की आजाराचं पहिलं लक्षण १४ ऑगस्टला दिसलं, आई जिन्यात पडली तेव्हा. हेही चूक आहे. पहिलं लक्षण त्याच वर्षी जानेवारीत दिसलं. मला दिसलं.

मुलांच्या गणिताचं पुस्तक होतं. ओळीच्या सुरुवातीला "पाच पेन्सिली"च्या जागी "पाय पेन्सिली" छापलं होतं. आई अशा चुकीवर आठवडाभर हसली असती, तात्यांना वाचून दाखवली असती. तिने ती तशीच जाऊ दिली. पान तपासून झाल्याची सही खाली होती. मला वाटलं, कधीतरी व्हायचंच. मग मी ते सगळं पुस्तक पुन्हा वाचलं. सव्वीस वर्षांत आईच्या पानात जेवढ्या चुका राहिल्या नसतील तेवढ्या त्या एका पुस्तकात होत्या, आणि सगळ्या ओळींच्या सुरुवातीला, पहिल्या दोन-तीन शब्दांत. उजवीकडून मुंगी सुटत नव्हती आणि डावीकडून हत्ती जात होता.

मी काय केलं ते आता लिहिते. आई दुपारी जरा आडवी झाली की मी तिची पानं घेऊन बसायची. तिचंच लाल पेन. तिच्यासारखाच तिरका काना, तिच्यासारखीच शेपटीवाली खूण. डावा समास मी भरायची. संध्याकाळी आई पानं चाळून म्हणायची, आज बरंच निघालं गं, आणि मी म्हणायची, हो. असं सात महिने.

फेब्रुवारीत मी तिला चष्मेवाल्याकडे नेलं. हे तुला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. त्याने बराच वेळ तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की काचा बरोबर आहेत. पाटीवरची डावीकडची अक्षरं त्या वाचतच नाहीत. पुसट दिसतात अशी तक्रार नाही, तिथं काही आहे हेच त्यांना पटत नाही. डोळ्याचं हे काम नव्हे, डॉक्टरांना दाखवा, आणि लवकर दाखवा.

घरी येताना आईने विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, डोळे छान आहेत म्हणाला.

मी स्वतःला सांगितलं की डॉक्टर काम बंद करायला लावतील आणि काम गेलं तर आई खचेल. यात थोडं खरं आहे. उरलेलं असं की मामाचंही डोक्यापासूनच सुरू झालं होतं, आणि जे बघितलं नाही ते नसतं असं मी धरून चालले होते.

मग मार्चमध्ये तू दोन दिवसांसाठी आलीस. आईने स्वेटर घातला होता, उजवा हात बाहीत आणि डावी बाही पाठीवर लोंबत होती. तू दिवसभर कापड बेतणारी, तुझ्या नजरेतून बाही कशी सुटेल? स्वयंपाकघरात तू मला म्हणालीस, "आईला कुणाला तरी दाखव. मला ती अर्धीच दिसतेय."

मी म्हटलं, "वर्षातून दोन दिवस येतेस आणि चुका काढतेस."

"चुका काढणं तुमचा धंदा. मी फक्त बघितलं."

मग मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. तुझ्या लक्षात असणारच. तू गाडीची वेळ व्हायच्या तीन तास आधी निघून गेलीस, आणि आई विचारत राहिली की पोरगी न सांगता कशी गेली. तू सांगून गेली होतीस, ताई. तिच्या डाव्या बाजूला उभी राहून.

हे पाच महिने आधी कळलं असतं तर आई वाचली असती का, हे मी डॉक्टरांना कधी विचारलं नाही. तिच्या तेराव्याला तू आलीस तेव्हा जमलेल्या सगळ्यांना मी सांगत होते की काही कळायला वावच नव्हता. तू समोर बसून ऐकत होतीस. काही बोलली नाहीस. त्यानंतर आजवर नाही.

तुझी धाकटी

ता. क. माझी डावी चप्पल दोन दिवस सापडत नव्हती. उजवीच्या शेजारीच होती. तात्यांना सांगितलं तर हसले नाहीत. एरवी हसले असते.


१७ फेब्रुवारी

ताई,

आज मला तिसरी गोष्ट सांगायची आहे. पहिल्या दोन्ही सांगितल्या त्या बहुधा हिला टाळण्यासाठी.

जानेवारीत पुस्तिका निघाली त्या दिवशी संशोधन विभागाने सगळ्या घरांना बोलावलं होतं. तिसऱ्या मजल्यावरचं सभागृह, जोडून ठेवलेल्या खुर्च्या, एका लांब टेबलावर गेलेल्यांचे फोटो. आईचा फोटो मी तिच्या ओळखपत्रावरचा मोठा करून नेला होता, दुसऱ्या कुठल्याही फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघत नाही, हातातल्या कागदाकडे बघते. प्रत्येकाने दोन मिनिटं बोलायचं होतं. मी तो किस्सा सांगितला. डॉक्टर चित्र दाखवून म्हणाले, "डोक्यात गाठ आहे." आई म्हणाली, "मग तिला सांगा, गाठ माझ्याशी आहे." सभागृह हसलं. माझ्या शेजारी बसचालक होते, त्यांची बायको गेलेली. ते हसता हसता रडायला लागले आणि मी त्यांना माझा रुमाल दिला. क्षणभर मला वाटलं, आपण चांगलं काम करतो आहोत.

मग संशोधक बाई बोलायला उभ्या राहिल्या. आपल्यापेक्षा थोड्या मोठ्या असतील, केस बारीक कापलेले, आवाज हळू. त्यांनी पडद्यावर एक तक्ता दाखवला. प्रत्येक ओळ म्हणजे एक माणूस, नाव नाही, फक्त क्रमांक. पहिलं लक्षण ते निदान, मध्ये किती दिवस. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा त्यांच्याकडे थंड पेटीत जपून ठेवलेला असतो, तो या दिवसांशी ताडून बघायचा. हळूहळू वाढणाऱ्या गाठी कुठल्या, झपाट्याने वाढणाऱ्या कुठल्या, आणि हळू वाढणारी मध्येच कधी वेग घेते, हे त्यातून कळतं. कळलं तर पुढच्या माणसासाठी वेळेवर काही करता येईल.

त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. ही केस बघा म्हणाल्या. तुकडा बघितला तर गाठ जुनी वाटते, पण लक्षण आणि निदान यांत फक्त एकोणीस दिवस. म्हणजे अशा गाठी वर्षानुवर्षं काहीही न दाखवता राहू शकतात. मग घरच्यांना सावध करण्यात अर्थ नाही, शोध दुसरीकडे घ्यायला हवा. पुढचं वर्ष त्या यावर काम करणार आहेत.

१४ ऑगस्ट ते २ सप्टेंबर. एकोणीस दिवस. ती ओळ आई होती.

तो अर्ज मी भरला होता. "पहिलं लक्षण कधी आणि कोणाच्या लक्षात आलं?" तेव्हा वाटलं होतं, एका तारखेने असं काय बिघडणार, आई तर गेलीच. मला तारखेचं महत्त्व कळत नाही असं कोण म्हणेल? एका अनुस्वारासाठी मी छपाई थांबवलेली आहे.

बसचालक माझ्याकडे वळून म्हणाले, "आम्ही चार महिने अंगावर काढलं. तुमच्या घरी निदान तो सल तरी नाही."

मी मान हलवली. होय अशी.

आता ते, ज्यासाठी हे पत्र आहे. नोव्हेंबरमध्ये त्या विभागाकडून आपल्या पत्त्यावर एक पत्र आलं. "दोन्ही मुलींना" असं वर लिहिलेलं. एकाच घरात दोघांना, आईला आणि तिच्या भावाला, हा आजार झाला, असं फार क्वचित होतं. बहुतेकदा तो योगायोगच असतो, पण मुलींनी एकदा मेंदूचं छायाचित्र काढून घ्यावं आणि रक्त द्यावं, त्यांच्यासाठीही बरं आणि संशोधनासाठीही. ते पत्र मी आईच्या शब्दकोशात ठेवलं आणि तुला कळवलं नाही. तुला उगाच भीती नको, असं मी म्हणू शकते. पण सोबत अर्ज होता आणि त्यात प्रत्येक मुलीने वेगळं लिहायचं होतं की आईचं पहिलं लक्षण तिने कधी पाहिलं. तू मार्च लिहिलं असतंस. माझा ऑगस्ट होता. दोन प्रती जुळल्या नसत्या.

तीन महिने मी तुझी तपासणी अडवून धरली आहे, माझी तारीख उघडी पडू नये म्हणून. पत्र सोबत जोडते आहे. तू आधी जा. माझं नंतर बघू, सध्या बागकामाचं जाडजूड पुस्तक हातात आहे.

तुझी धाकटी


२४ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र मी छापखान्याच्या जिन्यात बसून लिहिते आहे. टेबलाशी जाववत नाही.

आज सकाळी मालकांनी विचारलं, बागकामाच्या पुस्तकात एका झाडाचं नाव दोन तऱ्हेने आलंय, आधी काय ठरलं होतं बघून सांग. जुनी प्रुफं मागच्या कपाटात असतात. मी माझा गठ्ठा काढला. पहिल्या पानावर माझ्या खुणा होत्या, लाल शाईच्या. उजव्या समासात माझ्या. डाव्या समासातही लाल शाईच्या खुणा होत्या, पण त्या माझ्या नव्हत्या.

सुरुवातीला कळलंच नाही. मालकांनी पानावर बोट टेकवून "ही खूण कसली?" विचारलं तेव्हा मला ती जागा दिसली. तोवर तिथं नुसता कागद होता. मग मी एकेक पान डोळ्यांसमोर उजवीकडे सरकवून पाहिलं. काना सरळ, काटकोनात मारलेला. लोखंडी खिळे जुळवणाऱ्या पिढीचा हात. तात्यांचा.

मी मोजल्या नाहीत. मोजत बसले असते तर तेवढ्यापुरती शांत झाले असते. गठ्ठा काखेत मारून सरळ त्यांच्याकडे गेले. त्यांनी गठ्ठा बघितला आणि चष्मा काढून ठेवला.

"बस," म्हणाले. "उभ्याने ऐकू नकोस."

"कधीपासून, तात्या?"

"थंडी पडायला लागली तेव्हापासून."

"मला सांगितलं का नाही?"

"तू तुझ्या आईला सांगितलंस?"

मी बसले. त्यांना सगळं माहीत होतं. आईच्या पानांवरचा माझा हात त्यांनी पहिल्याच महिन्यात ओळखला होता. चाळीस वर्षं दुसऱ्यांची अक्षरं जुळवलेल्या माणसाला दोन हातांतला फरक कळणार नाही? तेव्हा गप्प राहिले ते का, असं मी विचारलं. म्हणाले, पोरगी आईला सांभाळून घेतेय, मध्ये बोलणारा मी कोण. आणि आता का गप्प राहिलात? तर म्हणाले, वाटलं डोळे शिणले असतील, दोन वर्षं तू एकटीच दोघींचं काम ओढतेयस. मालकाला कळलं तर टेबल जाईल. मी जरा हात फिरवला तर काय मोठंसं.

अगदी माझेच शब्द, ताई. मी त्यांच्यावर रागवायला तोंड उघडलं आणि कुठल्या तोंडाने रागवायचं ते कळेना.

आमच्या कामाचा एकच नियम आहे, तो आईने मला अक्षरांच्याही आधी शिकवला: आपली चूक आपल्याला दिसत नाही, पान दुसऱ्याच्या हातात दे. आणि या छापखान्यात गेल्या काही वर्षांत दुसऱ्याने प्रत्येक वेळी पान हातात घेतलं, चूक पाहिली, आणि मायेने ती पुसून टाकली. जिची चूक होती तिला कधी कळलंच नाही.

आईला रुग्णालयात डॉक्टरांनी घड्याळ काढायला सांगितलं होतं. तू नव्हतीस. तिने गोल काढला आणि बारापासून सहापर्यंतचे आकडे नीट घातले. पुढचे नाहीत. डॉक्टर म्हणाले, झालं? आई म्हणाली, झालं की, आता काय चावी देऊ त्याला? तिला ते घड्याळ पुरं वाटत होतं. जे नाही ते आपल्याला दिसत नाही, याची तिला कल्पनाही नव्हती.

आज दुपारी मी घड्याळ काढलं. मला पूर्ण दिसतंय. बारा आकडे मोजले, बारा भरले. तात्यांना दाखवलं. त्यांनी बघितलं आणि कागद उलटा करून टेबलावर ठेवला. विचारलं तर म्हणाले, आकडे सगळे आहेत गं, पण आठ, नऊ, दहा, अकरा एका कोपऱ्यात चेंगरलेत.

खांदा, चप्पल, चौकट. मी ते सगळं तुला गंमत म्हणून कळवत होते.

ताई, मी सांगते ते आता मलाच पुरेसं नाही. हे पत्र, याआधीची पत्रं, तू बघ. काय लिहिलंय ते राहू दे. कशी लिहिली आहेत ते बघ. तुझा डोळा खोटं बोलत नाही, हे मी तीन वर्षं उशिरा लिहिते आहे.

तुझी धाकटी


७ मार्च

ताई,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. तीन वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. मी ते इतक्या वेळा वाचलं आहे की पाठ झालंय, तरी इथं उतरवते, कारण मी उतरवताना काय गाळते ते तुला मूळ प्रतीशी ताडून बघता येईल.

"चारही पत्रं बेतायच्या टेबलावर शेजारी शेजारी लावली आणि टेपने मोजली. पहिल्या पत्रात डावा समास अडीच सेंटिमीटर. दुसऱ्यात तीन. तिसऱ्यात वर साडेतीन, खाली साडेचार. चौथ्यात सुरुवातीलाच पाच, आणि शेवटच्या पानावर तू जवळजवळ मधूनच लिहायला लागली आहेस. कापड असतं तर मी परत पाठवलं असतं. आईबद्दल आपण भांडू, सावकाश भांडू, त्यासाठी तू जागेवर हवीस. तपासणीची तारीख घे. तारीख नसेल तर पत्र पाठवू नकोस."

मी चौथ्या पत्राचा माझ्याकडे राहिलेला कच्चा खर्डा काढून समोर धरला. मला समास सरळ दिसला. अजूनही दिसतो. हे पत्र लिहिण्याआधी तात्यांनी प्रत्येक पानावर डावीकडे पट्टीने रेघ मारून दिली आहे आणि मी त्या रेघेवर डावं बोट ठेवून लिहिते आहे. बोट आहे की नाही ते मध्ये मध्ये बघावं लागतं.

तुझ्या पत्रानंतर मी लगेच गेले असं समजू नकोस. मंगळवारी मी चष्मेवाल्याच्या दुकानापर्यंत गेले. दाराच्या मुठीला हात लावला. आतून त्याने मान वर करून बघितलं आणि मला वाटतं ओळखलं. डॉक्टरांना टाळून मी पुन्हा इथंच आले आहे हे मला तेव्हा समजलं, आणि परत फिरले. बुधवारी ठरवलं की आधी बागकामाचं पुस्तक संपवू. तात्यांनी गठ्ठा माझ्या हातातून काढून घेतला आणि मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. मालक मला म्हणाले, "तुझं टेबल कुठं जात नाही. तू जा." इतकंच. ज्या वाक्याची मी तेव्हा सात महिने धास्ती घेतली, ते वाक्य हे होतं.

काल मी संशोधन विभागात गेले. बाईंच्या खोलीत दोन टेबलं आणि भिंतीला लागून कप्पे. मी उभ्यानेच सांगितलं. जानेवारी, चष्मेवाला, मार्च, तू, अर्ज. मला वाटलं होतं त्या रागावतील, किंवा समजूतदारपणे काहीतरी म्हणतील, आणि दोन्हींची मी तयारी करून गेले होते. त्यांनी तक्ता उघडला, ती ओळ शोधली आणि तिच्यावर बोट ठेवून दिवस मोजले.

"म्हणजे कमीत कमी दोनशे चौदा दिवस," त्या म्हणाल्या. "तुकडा बरोबर सांगत होता. मी तुकड्यावर विश्वास ठेवला नाही, तुमच्यावर ठेवला."

मग कोरा अर्ज पुढे केला आणि म्हणाल्या, तुमच्या हाताने लिहा. मी लिहिला. प्रत्येक रकाना दोनदा तपासला, आईने शिकवलं तसा, एकदा सरळ आणि एकदा खालून वर. सही केली, त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो वाचला. पुन्हा वाचला. मग मला ज्या आवाजात विचारलं त्यात तक्त्याचं काही नव्हतं.

"डावीकडचे रकाने भरायचे नाहीत का?"

मी म्हटलं, डावीकडे रकाने नाहीत.

त्या उठून माझ्या बाजूला आल्या, माझा हात धरला आणि कागदावरून डावीकडे नेला, अजून डावीकडे, आणि बोटाखाली छापील चौकटी लागल्या. एकाखाली एक, सहा. जन्मतारीख. वय. मृताशी नातं.

 बाहेर कोणीतरी ढकलगाडी नेत होतं, तिचं एक चाक करकरत होतं, ते दूर जाईपर्यंत. मग त्यांनी फोन उचलला. मला ऐकू येईल असं बोलल्या, मागे फिरून कुजबुजल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. म्हणाल्या, संशोधनाच्या यादीतून नको, रुग्ण म्हणून घ्या, आणि पहिली जी जागा असेल ती द्या.

सहा रकाने मी तिथंच भरले. "मृताशी नातं" यापुढे "मुलगी" लिहिलं. "पहिलं लक्षण कोणाच्या लक्षात आलं" यापुढे दोन ओळी होत्या. पहिलीत माझं लिहिलं, जानेवारी. दुसरीत तुझं, मार्च, आणि कंसात: "हिने सांगितलं होतं." शिवाय एक संमतिपत्र होतं, त्यावरही सही केली. माझ्या डोक्यात काही निघालं आणि ते काढलं, तर तुकडा त्यांच्या पेटीत जाईल, माझ्या खऱ्या तारखांसकट. थंडी पडायला लागली तेव्हापासून, असं तात्यांच्या शब्दांत लिहिलं. साक्षीदार म्हणून ते स्वतः येऊन सही करणार आहेत. नवीन सदरा घालून येतो म्हणाले.

सतराव्या पानाची दुरुस्तीची चिठ्ठी तात्यांनी जुळवली आहे. तिचं प्रूफ सोबत पाठवते. ते तू वाच. मी वाचलं आहे, पण माझं वाचणं आता धरू नकोस. बरोबर असेल तर खाली सही करून परत पाठव, म्हणजे उरलेल्या सगळ्या प्रतींत चिकटवता येईल. आणि तुझ्या तपासणीचा अर्ज बाईंनी तुझ्या पत्त्यावर थेट पाठवला आहे, यावेळी माझ्या हातातून न जाता.

मला भीती वाटते आहे. आईने विनोद केला होता, मला एकही सुचत नाही. यंत्रात अर्धा तास न हलता पडून राहायचं असतं म्हणे, आणि कोणी जवळ थांबू शकत नाही, पण काचेच्या पलीकडे एक खुर्ची असते. तू येशील का हे मी विचारत नाही. येशीलच, तर माझ्या उजवीकडे उभी राहा.

तू तारीख मागितली होतीस. मंगळवार, १८ मार्च, सकाळी साडेनऊ.

तुझी धाकटी